'आक्षेपार्ह शब्द आढळून आला नाही' : गावच्या शाळा समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
मा. मुख्याध्यापक,
आणि गावातील समस्त पालक

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या दोन विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी यांनी व्हॉट्सअॅपवरच्या एका ग्रुपबद्दल दिलेली तक्रार आपण गेल्या बैठकीत निकाली काढली. इतिवृत्ताची प्रत मी वाचली. त्यात लिहिलं आहे, "सदर ग्रुपमधील संदेश वाचून पाहिले असता कोणताही आक्षेपार्ह शब्द आढळून आला नाही." आणि त्याच्या खालीच, "विद्यार्थिनींनी मोबाईल व फोटोबाबत दक्षता बाळगावी."

या दोन ओळी मला मान्य नाहीत. बैठकीत बोलू द्यावं असा निरोप मी दिला होता, त्याचं उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहिते आहे, कारण हे फक्त आपल्याच गावात चाललं असेल असं मला वाटत नाही. बाजारच्या गावी शिकायला जाणारी पोरं हेच शब्द एसटीतून घेऊन जातात आणि नवे घेऊन परत येतात. मुलांची, शाळेची आणि गावाची नावं मी टाळली आहेत. वाचणाऱ्यानं ती शोधूही नयेत.

मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची, तलाठ्याची, वनरक्षकाची तयारी करणारी पोरं तिथं बसतात. हा ग्रुप त्यांच्यातल्याच काहींनी काढला आणि मग शाळेतली मुलं त्यात ओढली. तक्रार करणाऱ्या दोघींतली एक माझी भाची, शिकायला माझ्याकडे राहते. ग्रुपमध्ये रोज लिहिणाऱ्यांत माझ्या जावेचा मुलगा आहे. मी एकीची मावशी आणि दुसऱ्याची काकू. दोघंही माझ्या घरी जेवतात. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला बुडवायचं, असं मला करायचं नाही.

आपल्याला आक्षेपार्ह शब्द का सापडला नाही, ते आधी सांगते.

बैठकीत मोठ्यानं वाचलेला एक संदेश असा होता : "आज तेरा किती आले?" त्यावर उत्तर होतं, "दोन. मागच्या बाकावर." सर म्हणाले, हजेरीचा हिशेब दिसतो. तो हजेरीचा हिशेब नव्हता. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. त्या आकड्यावरून भीमनगरातल्या मुलामुलींना या ग्रुपनं 'तेरा' हे नाव पाडलं आहे. 'तेराले फीस माफ.' 'तेराच्या बाजूले बसू नको.' 'तेरा पास झाला म्हणते, पेपर न लिहिताच.' यात जातीचा उच्चार नाही, शिवी नाही. पण ज्या मुलीबद्दल ते लिहिलं आहे तिला पहिल्या वेळेलाच कळलं. शिव्यांची यादी घेऊन वाचायला बसलेल्या मोठ्या माणसांना ते कळणार नव्हतं, आणि तो शब्द घडवताना तीच सोय पाहिली होती.

माझ्या भाचीला ते 'पॅकेज' म्हणतात. नर्सिंग करायचंय, पुण्याला जायचंय, असं ती वर्गात एकदा बोलली. तेव्हापासून बाहेर शिकायला जाऊ पाहणारी प्रत्येक मुलगी 'पॅकेज', म्हणजे पगाराचं पॅकेज असलेल्या नवऱ्यासाठी राखून ठेवलेला माल. पंधरा ऑगस्टच्या समूहनृत्यातला तिचा फोटो कापून ग्रुपवर टाकला गेला आणि त्याखाली पोरांनी वार्षिक पगाराचे आकडे लिहिले, बैलबाजारात बोली लावतात तसे. फोटोबाबत दक्षता बाळगा, असं आपण मुलींना सांगितलं आहे. तो फोटो तिनं कुठंही टाकला नव्हता. शाळेच्या पालक-ग्रुपवर शाळेनंच टाकला होता.

तिसरा तक्रारदार मुलगा. त्यानं ग्रुपवर एवढंच लिहिलं की हे बंद करा, तिच्या घरी माहीत पडलं तर तिचं शिक्षण सुटेल. त्या दिवसापासून तो 'सिम्प'. बाईपुढं गोंडा घोळणारा पुरुष अशा अर्थाचा हा इंग्रजी इंटरनेटवरचा शब्द आपल्या गावच्या कबड्डीच्या मैदानावर पोचला आहे. त्या मुलाला आता चढाईला कुणी पाठवत नाही.

याशिवाय 'फॉइड' आहे, 'एनपीसी' आहे, 'नॉर्मी' आहे, 'ब्लॅकपिल' आहे. यातला एकही शब्द आपल्या पोरांनी घडवलेला नाही. हे कुठून आले ते मी शोधून वाचलं, कारण पुस्तकं आणि माहिती शोधून देणं हे माझं कामच आहे.

१९९७ साली कॅनडातल्या एका विद्यार्थिनीनं एकट्या पडलेल्या लोकांसाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. इच्छा असूनही ज्यांना जोडीदार मिळत नाही अशा माणसांनी, बायांनी आणि पुरुषांनीही, एकमेकांशी बोलावं, धीर द्यावा, एवढाच तिचा हेतू होता. 'इनसेल' हा शब्द तिथून निघाला. पुढं ती बाजूला झाली, शब्द राहिला, आणि काही वर्षांत तो ज्यांच्या हाती गेला त्यांनी त्यातला धीर काढून टाकून राग भरला. आपल्या एकटेपणाला बाया जबाबदार आहेत, असं मानणाऱ्या पुरुषांची एक बोलीच तयार झाली. देखणा, बायांना आवडणारा पुरुष म्हणजे 'चॅड'. सुंदर बाई म्हणजे 'स्टेसी'. साधा संसारी माणूस 'नॉर्मी'. आणि बाईला बाई म्हणायचंच नाही. बाई आणि यंत्रमानव यांच्या इंग्रजी नावांची मोडतोड करून केलेला 'फीमॉइड' वापरायचा, तो आखूड करून 'फॉइड'. 'एनपीसी' हा व्हिडिओ गेममधला शब्द आहे : खेळात जी पात्रं कुणी माणूस खेळवत नाही, यंत्रच चालवतं, ती पात्रं. ज्याला आपलं म्हणणं पटत नाही त्याला तो चिकटवायचा. म्हणजे त्याला मन नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

हा एकच शब्द नीट पाहिला तरी सगळी रीत ध्यानात येते. भाचीनं ग्रुपवर उत्तर लिहिलं तर ते 'फॉइड'चं उत्तर, म्हणून वाचायचं नाही. तिचा मित्र बोलला तर तो 'सिम्प', त्याचंही वाचायचं नाही. मी बोलले तर 'एनपीसी'. बाहेरच्या प्रत्येकासाठी एक नाव तयार आहे, आणि ते नाव लागलं की त्या माणसाला उत्तर द्यायची गरज संपते. आतल्या पोरांवरही त्याचा धाक असतो. आज जो गप्प बसला किंवा हसला नाही, त्याला उद्या तेच नाव मिळतं, म्हणून तो उद्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसतो. आठवीतली पोरंसुद्धा हे शब्द फेकतात ते यामुळं. अर्थ पूर्ण माहीत नसतो, आपण आत आहोत एवढं दाखवायचं असतं.

'तेरा' हा शब्द मात्र देशी आहे. तरी त्याची युक्ती जुनीच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या द्वेषखोर टोळक्यांनी कृष्णवर्णीयांना 'गूगल' आणि ज्यूंना 'स्काइप' म्हणायला सुरुवात केली होती. अपमानाचे शब्द ओळखून वगळणारं तंत्र येतंय म्हटल्यावर त्यांनी रोजच्या वापरातली कंपन्यांची नावंच शिव्या म्हणून वापरायला घेतली. यंत्राला कळू नये म्हणून त्यांनी 'गूगल' केलं, शिक्षकांना कळू नये म्हणून आपल्या पोरांनी 'तेरा' केलं. कोणी त्यांना हे शिकवलं असेल असं नाही. लपवायची गरज पडली की माणसाला हे सुचतंच. त्यामुळं शब्दांची यादी करून बंदी घातली तर यादी वाढत जाईल, प्रश्न तिथंच राहील. वाचणाऱ्यानं संदेश कुणाबद्दल आहे हे विचारलं पाहिजे. आपण ते विचारलं नाही.

"पोट्टे हायेत, मजाक करतेत. यानं काय होते?" असं एक सदस्य बैठकीत म्हणाल्याचं मला कळलं. माणूस सज्जन आहे, त्यांनी ते वाईट हेतूनं म्हटलं नसणार. पण काय होतं ते जगानं पाहिलं आहे. २३ एप्रिल २०१८ रोजी कॅनडातल्याच टोरांटो शहरात एका तरुणानं भाड्याची व्हॅन पदपथावर घालून लोकांना चिरडलं. दहा माणसं गेली. जखमी झालेली एक बाई साडेतीन वर्षं रुग्णालयात काढून २०२१ मध्ये गेली. व्हॅन घालण्याआधी त्यानं फेसबुकवर जे लिहिलं होतं त्यात 'इनसेल', 'चॅड', 'स्टेसी' हेच शब्द होते. रवांडा या आफ्रिकी देशात १९९३ मध्ये एक रेडिओ केंद्र सुरू झालं. गाणी लावायचं, थट्टामस्करी करायचं, तरुणांचं लाडकं होतं. तुत्सी लोकांना ते 'इन्येंझी', म्हणजे झुरळं म्हणायचं. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत तिथं लाखो माणसं कापली गेली, शेजाऱ्यांनी शेजारी कापले. त्या केंद्राच्या प्रमुखांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये दोषी ठरवलं.

आपली पोरं तिथवर जातील असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं म्हटलं तर मी त्यांच्याशी भांडेन. पण दूरचं सोडून देऊ. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच देशात शंभरावर मुस्लीम स्त्रियांचे फोटो एका अॅपवर 'लिलावा'ला लावले गेले. त्याच्या आधी जुलै २०२१ मध्ये तसंच दुसरं अॅप निघालं होतं. पकडलेले बहुतेक विशीच्या आगेमागचे, शिकणारे, चांगल्या घरचे. त्या वर्तुळातही परक्यांसाठी आणि आपल्यातल्याच 'मवाळ' लोकांसाठी अशी खास नावं होती. आपलाच, पण पुरेसा कडवा नाही, तो 'रायता'. माझ्या भाचीच्या फोटोखाली आकडे लिहिणाऱ्या पोरांनी त्या अॅपचं नावही कदाचित ऐकलं नसेल. तरी त्यांनी तेच केलं.

आता माझ्या पुतण्याबद्दल लिहिते. इथं मला जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या इतिवृत्तात तो कुठंच नाही.

त्याचं वय आता लग्नाच्या बाजारात 'निघून चाललेलं' आहे. कास्तकारी करतो, भरतीसाठी पळतो. गेली काही वर्षं स्थळं येतात, वावर बघतात, चहा पितात आणि कळवतो म्हणून जातात. मुलाकडं शेती पाहिजे आणि वर नोकरीही पाहिजे, असं मुलीवाल्यांचं म्हणणं आपण सगळे जाणतो. आपल्या गावात तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली पोरं किती आहेत हे पानठेल्यावर उभं राहिलं की दिसतं. हे दुःख खरं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. लोक हसले. मला हसू आलं नाही.

या दुःखावर गावात कुणी बोलत नाही. घरात आई रडते, बाप मुलालाच टाकून बोलतो, मित्र टिंगल करतात. मग रात्री मोबाईल बोलतो. आधी पळण्याच्या वेळेचे, दंड-बैठकांचे व्हिडिओ येतात, भरतीसाठी उपयोगी. त्यातलाच एक पिळदार माणूस हळूच सांगायला लागतो की खरा पुरुष कसा असतो, बाया कशा असतात, तुला नकार का मिळतो. हिंदीत सांगतो, आपुलकीनं सांगतो. गाजरगवत बाहेरून धान्याबरोबर आलं आणि जिथं पडीक दिसलं तिथं पसरलं, तसे हे शब्द या पोरांच्या न बोललेल्या जागेत पसरले आहेत.

त्यातला 'ब्लॅकपिल' मला सगळ्यात भयंकर वाटतो. १९९९ च्या एका इंग्रजी चित्रपटात खरं जग दाखवणारी लाल गोळी होती, तिच्यावरून पुढं ही काळी गोळी निघाली. तिचा अर्थ असा : तुझं रूप, तुझं घराणं, तुझा पैसा जन्मतःच ठरलेला आहे, तुझ्या हातात काही नाही, संपलं. इंग्रजीत ते एकमेकांना 'इट्स ओव्हर' असं लिहितात. आपल्या ग्रुपवर माझ्या पुतण्यानं लिहिलेलं मी वाचलं : "आपलं खतम हाय." त्याखाली हसण्याच्या खुणांची रांग होती.

हे अमरावती जिल्ह्यात घडतं आहे, सर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत आपला जिल्हा होता. त्या वर्षी ही शाळकरी पोरं जन्मालाही आली नव्हती, आणि ग्रुप काढणारी पोरं तेव्हा लहान होती. त्यातल्या काहींनी घरातलं माणूस जाताना पाहिलं आहे. भाव अजून तसाच आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात पुष्कळ माल त्याच्या खालीच गेला. अशा घरातला तरुण 'खतम' लिहितो तेव्हा त्याच्या शेजारी बसून बोलणारं कुणी हवं. 'आक्षेपार्ह शब्द नाही' या ओळीनं भाचीची तक्रार तर बुडालीच, या पोराची हाकही बुडाली.

आणि राग जातो कुणावर ते पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, तरी आकडा खाली गेला. २०११ च्या त्या यादीतली मुलं आज दहावी-बारावीत, कॉलेजात, भरतीच्या मैदानावर आहेत. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांच्याबद्दल ग्रुपमध्ये एक शब्द नाही. ज्या जन्मल्या, शाळेत गेल्या आणि नर्स व्हायचं म्हणाल्या, त्यांना 'पॅकेज'. भाची मला म्हणाली, "मावशी, मले वावराचा राग नाही. आईवानी जगनं नको." तिची आई कापूस वेचायला पहाटे जाते, घरी येऊन चूल पेटवते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. मुली कास्तकाराला नकार देतात त्यामागं हे आहे. पोरांना हे कुणी सांगितलं तर ती ऐकतील. मी माझ्या पुतण्याला ओळखते, तो ऐकेल.

माझ्या तक्रारी आता सरळ मांडते.

पहिली. ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्या मुलांना आपण बोलावलंच नाही. संदेश वाचले मोठ्यांनी, अर्थ लावला मोठ्यांनी आणि निकालही दिला मोठ्यांनी. त्या मुलीला विचारलं असतं तर 'तेरा' म्हणजे काय हे तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

दुसरी. सल्ला फक्त मुलींना दिला. परिणाम असा झाला की भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचा मोबाईल वडिलांनी काढून घेतला आणि आता तिच्या लग्नाचं बोलणं चालू आहे. ती दहावीत आहे. आपली ओळ कागदावर दक्षतेची असेल, घराघरांत ती शिक्षा झाली आहे.

तिसरी, आणि मला सर्वांत जास्त खुपते ती. इतिवृत्तात जातीचा उल्लेखच नाही. तक्रारअर्जात 'तेरा'बद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं. 'जातीचं प्रकरण होईल' या भीतीनं ते गाळलं असं मला सांगण्यात आलं. प्रकरण झालेलंच आहे. भीमनगरातली ती मुलगी जादा तासाला यायची थांबली आहे, गणितात वर्गात पहिली असताना. दरवर्षी २७ डिसेंबरला आपण पंजाबराव देशमुखांच्या फोटोला हार घालतो. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून विसाव्या शतकाच्या विशीत ते उभे राहिले, आणि बहुजनांच्या पोरांसाठी त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. त्यांचा फोटो असलेल्या भिंतीखाली बसून ते कलम गाळलं गेलं.

चौथी. २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आपल्या शाळेत तिचा फलक आहे. तिच्या सदस्य कोण, ती कधी बसते, हे एकाही मुलीला सांगता आलं नाही. तक्रारपेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते शिपाईदादांनाही ठाऊक नाही.

मला काय नको तेही सांगते. कुणाला शाळेतून काढू नका. पोरांची नावं चावडीवर लावू नका. सगळ्यांचे मोबाईल जमा करून पेटीत टाकण्याचा जो विचार चालला आहे तोही नको. त्यानं ग्रुप दुसऱ्या नावानं चालू राहील आणि मुलीच तेवढ्या तुटतील. कायदा आहे हे मला माहीत आहे. अनुसूचित जातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, मोठ्या पोरांना तो लागू शकतो, आणि त्या मुलीच्या वडिलांनी तो मार्ग धरला तर मी त्यांच्यासोबत ठाण्यात जाईन. तो त्यांचा हक्क आहे, त्यांनी तो वापरू नये असं सांगायला कुणी त्यांच्या घरी जाऊ नये. पण या ग्रुपमधली निम्मी पोरं पोलीस भरतीला बसणारी आहेत. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. त्यांचं पुढचं आयुष्य एका गुन्ह्याच्या नोंदीत अडकण्याआधी शाळेनं आणि गावानं आपलं काम करावं, एवढा वेळ अजून हातात आहे.

माझ्या मागण्या :

१. ती दोन्ही वाक्यं इतिवृत्तातून वगळावीत आणि तक्रार पुन्हा उघडावी. तिन्ही मुलांचं म्हणणं वेगवेगळं, त्यांच्या विश्वासाचं मोठं माणूस सोबत घेऊन ऐकावं. 'तेरा'चा अर्थ नोंदीत यावा.

२. भाचीचा फोटो आणि त्याखालचे आकडे ज्यांनी टाकले त्यांच्याकडून ते काढून घ्यावेत, आणि पालकांसमोर मुलीची माफी मागितली जावी. शाळेनं मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत.

३. सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लिहावीत, त्यात भीमनगरातली एक आई असावी, आणि तक्रारपेटी दर आठवड्याला दोघींच्या समोर उघडावी.

४. शिक्षकांसाठी एक दिवस या शब्दांबद्दल बोलणं ठेवावं. मी जमवलेले शब्द आणि त्यांचे अर्थ वहीत लिहून देईन. यादी पाठ करायची गरज नाही. न कळलेला शब्द दिसला की ज्याच्याबद्दल लिहिला आहे त्याला जाऊन विचारायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

५. मुलांसोबत बसावं. शाळेतल्याही आणि अभ्यासिकेतल्याही. गाडगेबाबा कीर्तनात आपल्या वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे, तसं बसावं, भाषण देऊ नये. लग्नाचं, भावाचं, भरतीचं, सगळं बोलू द्यावं. मुलींनाही त्यांच्यासमोर बोलू द्यावं. ग्रामीण रुग्णालयातून समुपदेशक बोलवावा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शाळेत, अभ्यासिकेत आणि पानठेल्यावरही लावावा. अभ्यासिकेची खोली मी संध्याकाळी मोकळी करून देते.

६. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. सरपंचताईंना या पत्राची प्रत दिली आहे.

पालकांनाही एक विनंती. आपल्या मुलाच्या मोबाईलमध्ये हे शब्द सापडले तर लगेच मारू नका. कुणाबद्दल लिहिलं ते विचारा, आणि मग त्या मुलीच्या किंवा मुलाच्या घरी त्याला सोबत घेऊन जा. माझ्या जावेनं हे केलं आहे. तिच्या घरातली गोष्ट आहे म्हणून जास्त लिहीत नाही, पण पुतण्यानं ग्रुप सोडला आणि भीमनगरातल्या त्या घरी तो तिच्यासोबत गेला. बाकीचे अजून आत आहेत.

पुढची बैठक कधी आहे ते कृपया लेखी कळवावं. भाचीची आई आणि भीमनगरातल्या त्या मुलीची आई, दोघी मजुरीला जातात, दिवसाची मजुरी बुडवून त्यांना येता येणार नाही. त्यामुळं बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवावी. दोघींना मी घेऊन येईन.

आपली,
ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय
(तक्रारदार विद्यार्थिनीची मावशी)